भावाचे देऊळ आणि आपली वही

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत शेवटच्या पानावर दिवंगत भगिनींची यादी छापण्याची रीत आहे. वर समईचे चित्र, भोवती काळी चौकट आणि खाली ओळीने कै. सौ. अमुक, कै. श्रीमती तमुक. या वर्षी नुसती यादी न देता गेलेल्या माणसांची आठवण आपल्या गावाने आजवर कशी ठेवली, याविषयी कोणीतरी चार पाने लिहावीत असे बैठकीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. इतिहास लिहिणे हे पंडितांचे काम. परंतु गावात राहून, गावातील दगड पाहून आणि जाणत्यांना विचारून जेवढे समजले तेवढे भगिनींपुढे ठेवते.

अंबाजोगाईत दगडाला तोटा नाही. योगेश्वरीच्या लग्नाचे वऱ्हाड मुहूर्त टळल्यामुळे दगडाचे झाले ही कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. हत्तीखान्यातील दगडी हत्ती पाहिले की लहान लेकरांना ती पटतेही. बाराखांबी, खोलेश्वर, जयंती नदीच्या आसपासचे जुने अवशेष यांच्यावरून आपण रोज जातो-येतो. भाजी आणावयाची असते, लेकराला शाळेतून आणावयाचे असते. दगड वाचीत कोण बसतो? पण याच गावात शके ११६२ चा, म्हणजे सन १२४० चा एक शिलालेख आहे आणि त्यात आपणा बायकांच्या जिव्हाळ्याची गोष्ट कोरलेली आहे.

त्या वेळी देवगिरीला यादवांचे राज्य होते आणि सिंघण नावाचा मोठा राजा गादीवर होता. त्याचा सेनापती खोलेश्वर. याने अनेक लढाया मारल्या, वऱ्हाडात आणि आपल्याकडे देवळे बांधली, ब्राह्मणांना अग्रहार दिले. आज खोलेश्वर म्हटले की मुले महाविद्यालयाचे नाव सांगतात, मोठी माणसे देवळाचे. या खोलेश्वराला राम नावाचा मुलगा होता. बापाच्या मागे तोही सेनापती झाला. सिंघणाने त्याला गुजरातवर पाठविले. नर्मदेच्या काठी मोठी लढाई झाली आणि तीत राम पडला.

नर्मदा येथून किती लांब! त्या काळी निरोप यावयालासुद्धा किती दिवस लागले असतील. घरी रामाची बहीण होती. तिचे नाव लक्ष्मी. या लक्ष्मीने भावाच्या स्मरणार्थ येथे देऊळ बांधले आणि देवाला नाव दिले रामनारायण. देवाच्या नावाच्या आधी भावाचे नाव. म्हणजे जो कोणी देवाला हाक मारील तो आधी तिच्या भावाला हाक मारील. रामाचा मुलगा लहान होता. तो जाणता होईपर्यंत त्याच्या नावाने कारभारही लक्ष्मीनेच पाहिला असे इतिहासकार सांगतात.

मला या गोष्टीत देवळापेक्षा बहिणीचे अधिक वाटते. आपल्या गावी गेलेल्या माणसाच्या नावाने काही उभे केल्याची ही एवढी जुनी नोंद, आणि ती एका बहिणीची आहे. ती राणी नव्हती, संत नव्हती. तिचे नाव राहिले ते तिने दुसऱ्याचे नाव राखले म्हणून. पावणेआठशे वर्षांहून अधिक काळ लोटला, राज्ये गेली, निजामाच्या अमलात गावाचे मोमिनाबाद झाले, पुन्हा अंबाजोगाई झाले, तरी लक्ष्मी दगडावर आहे.

परंतु सगळ्याच बायकांचे दगड असे बोलके नाहीत. आपल्या मराठवाड्यात खेड्याखेड्यांत मारुतीच्या पारापाशी किंवा वेशीजवळ उभे चिरे दिसतात. त्यांना वीरगळ म्हणतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा पळविलेली गुरे, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर महादेवाच्या पिंडीची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावची गुरे सोडविताना जो मेला त्याची ही आठवण. त्याच्या शेजारी कधी दुसरा दगड असतो. त्यावर कोपरात वाकलेला एक हात, हातात भरलेल्या बांगड्या आणि वर तेच चंद्रसूर्य. तो सतीचा दगड. वीराचे तोंड असते, घोडा असतो, तरवार असते. तिचा नुसता हात. नाव बहुधा दोघांचेही नसते, पण तिचे तर रूपही नाही. आपण त्या दगडाला शेंदूर लावतो, नारळ वाढवितो. मला मात्र त्याला हात जोडताना अंगावर काटा येतो. जिवंत जळालेल्या एका मुलीचे वय काय असेल, तिला मागे बहीणभाऊ असतील की नाही, हे मनात येते. त्यामानाने कारभार पाहणारी, देऊळ बांधणारी, जगलेली लक्ष्मी मला अधिक पूज्य वाटते. कोणाला हे बोलणे रुचणार नाही. त्याला माझा इलाज नाही.

साधुसंतांची आठवण गावाने उत्तम राखली आहे. दरीतील मुकुंदराजांची समाधी आणि त्यांचा सन ११८८ चा विवेकसिंधु सर्वांना ठाऊक आहे. दासोपंतांची पासोडी तर आपल्या गावचे भूषण. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिले, आणि वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या ते जपले. (ते कापड कोणी विणले असेल, सूत कोणी कातले असेल, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो.) स्वामी रामानंद तीर्थ हे तर संन्यासी. घरदार, गोत काही नाही. हिप्परग्याहून ते १९३५ साली येथे योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले आणि १९३८ साली निजामाविरुद्धच्या सत्याग्रहासाठी शाळा सोडून गेले. येथे अवघी तीन वर्षे. पण गावाने त्यांना आपले मानले ते कायमचे. १९७२ च्या जानेवारीत हैदराबादेस त्यांचे निधन झाले. येथील वैद्यकीय महाविद्यालयास त्यांचे नाव आहे, नांदेडच्या विद्यापीठासही आहे. आणि बायकांतही आपल्या जिल्ह्याने नाव केलेली बाई पाहिली आहे. केशरबाई क्षीरसागर तीन वेळा बीडच्या खासदार झाल्या. २००६ साली त्या गेल्या तेव्हा खेड्यापाड्यांतल्या बायकांनी आपली माणूस गेल्यासारखे मानले.

ही झाली मोठी माणसे. तुमच्या-आमच्यासारख्यांचे काय?

आपली आठवण घरात असते. पितरपाठात ज्यांच्याकडे गुरुजी येतात तेथे बाप, आजा, पणजा आणि आई, आजी, पणजी अशी नावे गोत्रासह घेतात. सवाष्ण गेलेलीची अविधवा नवमी करतात. बाकीच्यांकडे खीर-वडे-भजी करून कावळ्याला घास ठेवतात. आपल्या मुसलमान शेजारणींकडे शबे-बरातीला घरची माणसे कबरींवर फुले-दिवे नेतात. रीत निरनिराळी, पोटातले एकच. पण भगिनींनो, तीन पिढ्यांपलीकडची नावे आपल्यापैकी किती जणींना सांगता येतील? आणि त्यातही बाईचे कोणते नाव? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने जे लिहिले ते. आईबापांनी बारशाला ठेवलेले नाव त्या तांदळाबरोबर गोळा होऊन जाते. मंडळाची जुनी वही चाळताना मला असे दिसले की, कित्येक जणी ‘मास्तरीणबाई’, ‘गिरणीवाल्या काकू’, ‘अमक्याची आई’ अशाच लिहिलेल्या आहेत. वर्गणी मात्र दर महिन्याची चोख.

एक ठिकाण असे होते की जेथे बाई आपल्या माणसांची नावे मोकळेपणाने घेई. ते म्हणजे जाते. आईचे, बापाचे, आणि सर्वांत अधिक भावाचे. लक्ष्मीने दगडाचे देऊळ बांधले, आपल्या आजी-पणजींनी दगडाच्या जात्यावर भाऊराया गायिला. पिठाच्या गिरण्या आल्या आणि ते गाणे थांबले. हात सुटले हे बरेच झाले, पहाटे तीनला उठून पायली दळणे सोपे नव्हते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव माणसे पाठवून या ओव्या उतरवून घेतल्या. एक लाखाहून अधिक ओव्या आणि त्या सांगणाऱ्या तीन हजारांहून अधिक बायका. आपल्या जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी १९९६ साली बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या त्यात आहेत. या कामात मला विशेष हे वाटले की, ओवीबरोबर सांगणारणीचे नाव आणि गावही लिहून ठेवले आहे.

आता जे लिहावयाचे ते लिहिताना हात जड होतो. एप्रिल २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्या गावी एकाच रुग्णवाहिकेतून बावीस मृतदेह स्मशानात नेण्यात आले. ती बातमी साऱ्या देशात गेली. बाहेरगावचे नातलग फोन करून विचारीत, ‘तुमच्याकडेच ना ते बावीस?’ जणू बावीस हे कोणा एकाचे नाव. ते बावीस जण कोणाचे आई, बाप, भाऊ होते. कोणाला आंघोळ घालता आली नाही, तोंडात पाणी घालता आले नाही, दहाव्याला चार माणसे जमली नाहीत. त्या महिन्यात आपल्या मंडळाच्या तीन भगिनी गेल्या. एकीच्याही घरी आपल्याला जाता आले नाही. शोकसभा झाली नाही, कारण सभेलाच बंदी होती. दिवाळीनंतर आपण प्रथम एकत्र बसलो तेव्हा कोणी काही बोलेना, आणि मग एकीने नुसते विचारले, ‘तिचे माहेर कोठले हो?’ कोणालाच सांगता आले नाही. वीस वर्षे शेजारी बसून भजन केलेले!

त्या दिवसापासून ही वही सुरू झाली आहे. प्रत्येक गेलेल्या भगिनीस एक पान. बारशाचे नाव, माहेर, आईचे नाव, हाताला काय चांगले येत असे, आणि कोणाच्या आठवणीतली एखादी गोष्ट. नावे मी येथे देत नाही. ती शेवटच्या पानावर घरच्यांना विचारून छापली आहेत. शिवाय एकीचे सांगून दुसरीचे राहिले तर रुसवा होतो, हे तुम्हांला सांगावयास नको.

एका पानावर एक सुईण आहे. दवाखाना हाताशी नव्हता तेव्हा अर्ध्या गल्लीतली लेकरे तिच्या हातावर आली. कोण केव्हा जन्मले हे तिला तारखेने नव्हे, बाजाराच्या दिवसावरून आठवे. दुसरी ऊसतोडीला जाई. आपल्या जिल्ह्यात नवराबायको मिळून एक कोयता धरतात, आणि मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे. पंधरा हंगाम तिने मोळ्या वाहिल्या, आणि ते कोठेही लिहिलेले नव्हते. आता आपल्या वहीत आहे.

तिसऱ्या पानाला मात्र फार वेळ लागला. ती १९७२ च्या दुष्काळात कोवळ्या वयात खडी फोडावयास गेली होती. परळीकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम होते. ती सांगे की दुपारी सुकडी मिळे आणि घरी लाल मिलोची भाकरी, जी तव्यावरच तडके. हातोडीने अंगठ्याचे नख गेले ते पुन्हा नीट आलेच नाही. हळदीकुंकवाला बोट लावताना ती तो अंगठा आत दुमडी. ज्यांनी तिच्याकडून कुंकू लावून घेतले आहे त्यांना हे आठवेल. त्या रस्त्याच्या कडेच्या दगडावर किलोमीटरचा आकडा आहे. तिचे बारशाचे नाव तिच्या मुलांनाही ठाऊक नव्हते. नवऱ्याला विचारावे तर तो आधीच गेलेला. माहेरी भाऊ नव्हता, एक बहीण कर्नाटकात दिलेली, तिचा पत्ता नाही.

शेवटी सुनेने माळ्यावरची पितळी घागर घासावयास काढली. गळ्यापाशी भांडेवाल्याने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे दिसली. आधी तिचे माहेरचे नाव, मग ‘हिस मामाकडून लग्नानिमित्त’, आणि सन. सुनेने चिंच लावून ती अक्षरे उजळली आणि घागर तशीच कडेवर घेऊन मंडळात आली. आम्ही सगळ्यांनी ती हाताने चाचपून वाचली. मग वहीत नाव लिहिले.

वही मंडळाच्या कपाटात वरच्या खणात आहे. किल्ली चिटणीसबाईंकडे. अजून अकरा पाने कोरी आहेत. ज्यांच्या घरी जुनी भांडी असतील त्यांनी ती मोडीत घालण्यापूर्वी गळ्याशी आणि बुडाशी पाहून घ्यावे, आणि काही अक्षरे असतील तर मंगळवारी भजनास येताना कागदावर उतरवून आणावीत. घागर जड असल्यास आणण्याची आवश्यकता नाही.