पाणबुड्याचा कोरडा पोशाख

थंड पाण्यांत उतरूनहि कोरडें राहावें, ही मनुष्याची हौस जुनी आहे. आणि ती पुरवितांना त्यानें स्वतःचें जें ध्यान करून घेतलें, त्याचा इतिहास विनोदी वाङ्मयांतच जमा व्हावा. फिनलंडांतील राहे येथील वस्तुसंग्रहालयांत अठराव्या शतकांतला एक चामडी पोशाख आहे. तेथील लोक त्याला 'म्हातारे गृहस्थ' या अर्थाच्या नांवानें ओळखतात!

इंग्लंडांतील डीन बंधूंचा पोशाख शिरस्त्राणाखालीं मोकळाच असे. त्यामुळें पाणबुड्याला दरबारी मानकऱ्याप्रमाणें ताठ चालावें लागे. तोल जाऊन तो आडवा झाला, कीं पाणी आंत. ऑगस्टस सीबे यानें १८३७ च्या सुमारास शिरस्त्राण व जलाभेद्य पोशाख एकत्र जोडले आणि ही भीति घालविली. आंत लोकरीच्या कपड्यांचे थर चढवून पाणबुड्या बसे, व सोबती त्याला त्या पोशाखांत अक्षरशः कोंबीत; मनगटाच्या घट्ट रबरांतून हात निघावा म्हणून साबण चोळीत. बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवालाहि इतके हात लागत नसतील.

१७८२ सालीं पोर्टस्मथजवळ बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या जहाजाचे अवशेष काढण्याचें काम कर्नल पॅस्ली यांच्या देखरेखीखालीं १८३९ ते १८४३ पर्यंत चाललें. तेथें समुद्राच्या तळाशीं एका लांकडावरून दोघां सैनिकांची जुंपली. शिव्या देण्याची सोय नव्हती. प्रकरण लाथेवर आलें, आणि एकाच्या शिरस्त्राणाची कांच फुटली. वरच्यांनीं लगेच ओढून घेतला म्हणून तो वांचला.

परंतु पाण्याहून खोडकर निघाली ती आंतली हवा. पाणबुड्याचें डोकें खालीं गेलें, कीं ती सारी विजारींत चढे, आणि शिशाच्या तळव्यांच्या बुटांसकट गृहस्थ पायांकडून वर येऊं लागे! पोशाख फुगून हात बुजगावण्यासारखे ताठ होत. हवा सोडण्याची झडप जवळ असूनहि ते तेथवर वळत नसत. पाहणाऱ्यास हसूं येई खरें. पण फार खोलांतून असा झपाट्यानें वर आलेल्या मनुष्याच्या रक्तांत वायूचे बुडबुडे होत, व तो कधीं जन्माचा पंगु होई, कधीं प्राणासहि मुके. म्हणूनच पुढें विजारीचे पाय मागून दोऱ्यांनीं आवळून बांधूं लागले.

आजचा पोशाख पुष्कळ हलका आहे. तरी पाठीवरची चेन अनेकदां दुसऱ्यानेंच ओढावी लागते. आणि ती ओढून झाल्यावरच मघाशीं घेतलेल्या दोन कप चहाची आठवण होते.