तिळात धरलेला मोगरा

फुलाचा वास म्हणजे एकच पदार्थ नव्हे. हवेत सहज उडून जाणाऱ्या अनेक संयुगांचे ते मिश्रण असते. ही संयुगे निसटण्याआधी धरायची कशी, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी सुगंधाचा व्यवसाय करणाऱ्या गंधींपुढे होता. दख्खनेत त्याचे उत्तर तिळात सापडले.

 कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा तिसऱ्या सोमेश्वराने शके १०५१ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त अभ्यंगासाठी केतकी, पुन्नाग, चाफा यांनी वासवलेल्या तिळांचे तेल सांगितले आहे. तिळांचा एक थर, त्यावर ताज्या फुलांचा; रात्रभर तसेच ठेवायचे, कोमेजलेली फुले काढून नवी घालायची. असे काही दिवस केल्यावर तीळ घाण्यावर जात. हे फुलेल तेल.

पुढच्या काळातला ‘गंधवाद’ हा ग्रंथ मराठी टीकेसह मिळाला. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे प. कृ. गोडे यांनी १९४५ मध्ये त्याचे विवेचन करून काळ १३५० ते १५५० असा ठरवला. टीका मराठीत आहे, हे महत्त्वाचे. ही विद्या केवळ संस्कृत पंडितांची नव्हती.

तीळच का, याचा उलगडा १९०० च्या आगेमागे झाला. जर्मन रसायनज्ञ आल्बर्ट हेसे याने जाईच्या वर्गातील फुलांच्या तेलात बेंझिल अ‍ॅसिटेट, लिनालूल, जास्मोन आणि इंडोल ही संयुगे ओळखली. (इंडोल विष्ठेतही असते, अत्यल्प प्रमाणात मात्र तेच फुलाला खोली देते.) तोडलेले फूल लगेच मरत नाही, गंध घडवत राहते, हेही त्याने दाखवले. ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेने हे काम थांबते. थंड चरबीवर पसरलेली फुले मात्र कितीतरी जास्त सुगंध देतात. तिळातला स्निग्धांश नेमके तेच करत होता.

१९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी वायू-द्रव क्रोमॅटोग्राफी मांडली आणि मिश्रणातला एकेक घटक सुटा करणे सोपे झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शशांकचंद्र भट्टाचार्य आणि सुखदेव यांनी सुगंधी तेलांतील टर्पीन संयुगांवर काम केले. आता फूल तोडावेही लागत नाही: झाडावरच त्याच्याभोवती काचपात्र बसवून आतली हवा शोषकावर ओढतात. मोगरा सायंकाळनंतर उमलतो, म्हणून त्याची हवा रात्री गोळा करावी लागते. तिळांवर फुलेही रात्रभरच ठेवली जात.