रद्द झालेल्या कायद्याचा प्रवास

अमेरिकेतील वर्णभेदविरोधी कायदा म्हटले की आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग आणि १९६४ साल आठवते. पण त्या कायद्याचा गाभा त्याआधी ८९ वर्षे मंजूर झाला होता, आणि पुढे रद्दही झाला होता. त्याच्या प्रवासातले एक वळण आपल्या बडोद्याच्या इतिहासाशी जोडलेले आहे.

गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, तरी कृष्णवर्णीय प्रवाशाला हॉटेलात खोली मिळेलच असे नव्हते. सिनेटर चार्ल्स समनर यांनी कायद्यासाठी वर्षानुवर्षे तगादा लावला. ते १८७४ मध्ये वारले आणि १ मार्च १८७५ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची सही झाली. हॉटेले, जमिनीवरची व पाण्यावरची वाहने, नाट्यगृहे सर्व वर्णांना सारखीच खुली. अडवणाऱ्याने पीडिताला ५०० डॉलर द्यायचे. शाळांचे कलम मात्र आधीच गाळले गेले होते.

१८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ही कलमे घटनाबाह्य ठरवली. चौदावी घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी हॉटेलवाल्याला नाही, हे कारण. विरोधात एकटे न्यायमूर्ती जॉन हार्लन, केंटकीचे, एके काळी स्वतः गुलाम बाळगलेले. रेल्वे आणि हॉटेले जनतेच्या सेवेसाठी चालतात, तो मालकाचा घरगुती मामला नव्हे, असे त्यांनी बजावले. १८९६ चा ‘वेगळे पण समान’ हा निकाल अधिक गाजला. पण खरी हार, माझ्या मते, इथेच झाली.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पुढे १९४७ मध्ये त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिले. त्यात सार्वजनिक जागी मज्जाव करणे हा गुन्हा ठरवणारे कलम आहे, आणि त्याची भाषा १८७५ च्या त्या कायद्याशी मिळतीजुळती आहे. बाबासाहेबांनी यादीत तळी, विहिरी आणि रस्ते वाढवले. आपल्याकडे अडवणूक तिथेच व्हायची. १९५० मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव सारे आहे, आणि ते खासगी माणसालाही लागू होते.

अमेरिकेत हे कलम परतायला आणखी चौदा वर्षे लागली, तेही आडवाटेने. १८८३ चा निकाल आडवा येऊ नये म्हणून १९६४ च्या कायद्याने मुख्यतः आंतरराज्य व्यापाराचा आधार घेतला. अटलांटातील २१६ खोल्यांच्या मोटेलवर तो लागू झाला, कारण तिथले बहुतेक गिऱ्हाईक परराज्यातले. बर्मिंगहॅमच्या ‘ऑलीज बार्बेक्यू’त कृष्णवर्णीयांना बसून जेवता येत नसे, फक्त पुडके बांधून मिळे. तिथे कायदा लागू झाला तो मांस परराज्यातून येत होते म्हणून! दोन्ही निकाल १४ डिसेंबर १९६४ चे, एकमताने दिलेले. १८८३ चा निकाल मात्र न्यायालयाने आजवर फिरवलेला नाही.