क्रिस्टेनसेन, लार्स

(६ एप्रिल १८८४ – १० डिसेंबर १९६५). नॉर्वेतील जहाजमालक, देवमाशांच्या शिकारीच्या व्यवसायातील अग्रणी आणि अंटार्क्टिकाच्या समन्वेषणाचे आश्रयदाते. १९२७ ते १९३७ या काळात त्यांनी स्वखर्चाने नऊ मोहिमा दक्षिण महासागरात पाठवल्या. बूवे आणि पहिला पीटर ही बेटे नॉर्वेकडे आली ती या मोहिमांमुळे. पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याचा मोठा पट्टाही त्यांच्यामुळेच प्रथम नकाशावर उमटला. भारताचे ‘भारती’ हे संशोधन केंद्र ज्या किनाऱ्यावर आहे, त्याला क्रिस्टेनसेन यांच्या पत्नीचे नाव आहे.

घराणे व व्यवसाय : जन्म नॉर्वेच्या वेस्टफोल्ड प्रांतात, सांडेफ्योर्ड शहरालगतच्या सांडार येथे. वडील क्रिस्टेन क्रिस्टेनसेन हे फ्रामनेस या जहाजबांधणी कारखान्याचे मालक होते. त्यांनी १८९२ मध्ये कार्ल आंतोन लार्सन यांच्या नेतृत्वाखाली ‘यासोन’ हे जहाज अंटार्क्टिकाकडे पाठवले होते. १९०५ मध्ये त्यांचेच ‘आद्मिरालेन’ हे तेल गाळण्याची सोय असलेले जहाज दक्षिणेच्या समुद्रात गेले. अंटार्क्टिकाच्या परिसरात पोहोचलेले या प्रकारचे ते पहिले जहाज मानले जाते. शिकारीचा धंदा आणि ध्रुवप्रदेशाचे कुतूहल असा दुहेरी वारसा लार्स यांना घरातच मिळाला.

लार्स १९०६ मध्ये जहाजव्यवसायात आणि १९०९ मध्ये देवमाशांच्या शिकारीत उतरले. १९१० मध्ये त्यांचा विवाह सांडेफ्योर्डमधील व्यापारी व जहाजमालक थोर डाल यांची कन्या इंग्रिड यांच्याशी झाला. डाल यांच्या मृत्यूनंतर (१९२०) त्या घराण्याचा कारभारही लार्स यांच्याकडे आला. सांडेफ्योर्ड येथे ते डेन्मार्कचे वाणिज्यदूत होते.

‘पोलारिस’ : ध्रुवीय समुद्रात हौशी प्रवाशांना घेऊन जाण्यासाठी क्रिस्टेनसेन आणि बेल्जियन समन्वेषक आद्रियाँ द जेर्लाश यांनी फ्रामनेस येथे ‘पोलारिस’ हे भक्कम लाकडी जहाज बांधून घेतले (डिसेंबर १९१२). द जेर्लाश यांना आपल्या वाट्याचा खर्च झेपला नाही. शेवटी क्रिस्टेनसेन यांनी ते बांधणीखर्चापेक्षा कमी किमतीत ब्रिटिश समन्वेषक अर्नेस्ट शॅकल्टन यांना विकले. ‘एन्ड्युरन्स’ या नव्या नावाने प्रसिद्ध झालेले हे जहाज वेडेल समुद्रातील बर्फात चिरडून नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडाले. त्याचे अवशेष मार्च २०२२ मध्ये सुमारे ३,००० मी. खोलीवर सापडले.

मोहिमांची पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेकडील शिकार साउथ जॉर्जिया आणि साउथ शेटलंड या बेटांभोवती चाले. ही बेटे ब्रिटनच्या ताब्यात असल्याने नॉर्वेच्या कंपन्यांना ब्रिटिश परवाने घ्यावे लागत आणि तेलावर कर भरावा लागे. १९२५ च्या हंगामात ‘लान्सिंग’ या जहाजावर, मागील बाजूच्या उतारावरून अख्खा देवमासा डेकवर ओढून घेण्याची सोय प्रथम वापरात आली. त्यामुळे किनाऱ्याचा आसरा न घेता खुल्या समुद्रातच तेल गाळता येऊ लागले. तरीही पाणी, दुरुस्ती आणि वादळात आडोसा यांसाठी जमीन हवीच होती, आणि ती परक्या करांपासून मुक्त असावी अशी व्यावसायिकांची इच्छा होती. नवी जमीन शोधून तिच्यावर नॉर्वेचा ध्वज लावण्याच्या क्रिस्टेनसेन यांच्या प्रयत्नांमागे ही निकड होती. व्यावसायिक हेतू आणि शास्त्रीय जिज्ञासा यांपैकी अधिक प्रबळ कोणते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मात्र त्यांच्या ‘नॉर्वेजिया’ या जहाजाच्या जवळजवळ प्रत्येक सफरीत शास्त्रज्ञांना जागा होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

‘नॉर्वेजिया’च्या सफरी (१९२७–३१) : ‘नॉर्वेजिया’ हे मुळात सीलच्या शिकारीचे छोटे जहाज.

पहिली सफर (१९२७–२८) कॅप्टन हाराल्ड हॉर्न्टवेट यांच्या नेतृत्वाखाली निघाली. १ डिसेंबर १९२७ रोजी बूवे बेटावर उतरून त्यांनी नॉर्वेचा ध्वज लावला. फ्रेंच दर्यावर्दी बूवे यांनी १७३९ मध्ये प्रथम पाहिलेले हे बेट जगातील सर्वांत एकाकी बेटांपैकी एक असून त्याचा बहुतेक भाग बर्फाखाली असतो. सफरीतील मंडळी तेथे सुमारे महिनाभर राहिली. समुद्रशास्त्रज्ञ होकोन मोसबी आणि जीवशास्त्रज्ञ डिटलेफ रुस्टाड यांनी निरीक्षणे केली व नमुने जमवले. २३ जानेवारी १९२८ च्या राजाज्ञेने बेट नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली आले. १८२५ मधील एका शोधाच्या आधारे ब्रिटनने हरकत घेतली; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मागे घेतली.

दुसऱ्या सफरीत (१९२८–२९) प्राणिशास्त्रज्ञ ओला ओल्स्टाड आणि कॅप्टन निल्स लार्सन २ फेब्रुवारी १९२९ रोजी पहिला पीटर बेटावर उतरले. रशियन समन्वेषक बेलिंग्सहाउझेन यांनी १८२१ मध्ये पाहिलेल्या या बेटावर तोवर कोणी पाऊल ठेवले नव्हते. बेटावरील सर्वोच्च शिखराला (सुमारे १,६४० मी.) लार्स क्रिस्टेनसेन यांचे नाव आहे. १९३१ मध्ये बेट नॉर्वेच्या ताब्यात आले.

तिसरी सफर (१९२९–३०) शास्त्रीय दृष्ट्या सर्वांत फलदायी ठरली. यालमार रीसर-लार्सन आणि फिन ल्युत्सो-होल्म या वैमानिकांनी विमानांतून अज्ञात किनाऱ्याचे लांबच लांब पट्टे पाहिले आणि राणी मॉड भूमीच्या किनाऱ्याची रूपरेषा स्पष्ट होऊ लागली. डिसेंबर १९२९ मध्ये रीसर-लार्सन यांनी एंडरबी भूमीवर ध्वज लावला. तथापि त्या भागावर हक्क सांगण्याचे नॉर्वे सरकारने टाळले. १४ जानेवारी १९३० रोजी समुद्रावर रीसर-लार्सन यांची ‘डिस्कव्हरी’ जहाजावरील ऑस्ट्रेलियन समन्वेषक डग्लस मॉसन यांच्याशी भेट झाली. ४५° पूर्व रेखावृत्ताच्या पश्चिमेला नॉर्वेने आणि पूर्वेला मॉसन यांच्या पथकाने काम करावे, अशी समजूत या भेटीत झाल्याचे सांगितले जाते. पुढील राजकीय विभागणी याच रेषेवर स्थिरावली.

चौथी सफर (१९३०–३१) गुन्नार इसाक्सेन यांच्या नेतृत्वाखाली झाली. याच हंगामात रीसर-लार्सन यांनी राजकन्या राग्नहिल्ड किनारा शोधला.

‘थोर्सहाव्न’च्या सफरी : ‘थोर्सहाव्न’ हे क्रिस्टेनसेन यांचे तेलवाहू जहाज. शिकारी ताफ्यांना इंधन पोहोचवून परतीच्या वाटेवर देवमाशांचे तेल आणणे हे त्याचे नेहमीचे काम. त्या फेऱ्यांतच किनाऱ्याचा शोध घेण्याची पद्धत क्रिस्टेनसेन यांनी बसवली. त्यामुळे सरकारी तिजोरीवर भार न पडता वर्षानुवर्षे सलग काम होऊ शकले. इतर देशांच्या एकेकट्या, गाजलेल्या मोहिमांच्या तुलनेत हे सातत्य अधिक मोलाचे ठरले.

फेब्रुवारी १९३५ मध्ये कॅप्टन क्लारिउस मिकेलसन यांनी ‘थोर्सहाव्न’वरून इंग्रिड क्रिस्टेनसेन किनारा, वेस्टफोल्ड टेकड्या आणि लार्समन टेकड्या यांचा शोध लावला. त्यांच्या पश्चिमेला, आमेरी हिममंचाच्या पलीकडे, लार्स क्रिस्टेनसेन किनारा आहे.

१९३६–३७ च्या शेवटच्या सफरीत क्रिस्टेनसेन स्वतः सहभागी होते. वैमानिक विगो विडेरो आणि छायाचित्रकार निल्स रोमनेस यांनी या सफरीत विमानातून सुमारे २,२०० तिरपी छायाचित्रे घेतली. राजपुत्र हाराल्ड किनारा आणि सोर रोंडाने पर्वतरांग यांची माहिती याच उड्डाणांतून मिळाली. छायाचित्रांवरून तयार केलेले नकाशे १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील मोहिमांना दीर्घकाळ उपयोगी पडले.

इंग्रिड क्रिस्टेनसेन व अन्य स्त्रिया : इंग्रिड (१८९१–१९७६) यांनी पतीसमवेत चार वेळा अंटार्क्टिकाचा प्रवास केला. १९३१ मध्ये त्या आणि माथिल्डे वेगर यांनी हा खंड पाहिला. तो पाहणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. २० फेब्रुवारी १९३५ रोजी कॅप्टन मिकेलसन यांच्या पत्नी कॅरोलिन वेस्टफोल्ड टेकड्यांच्या परिसरात उतरल्या आणि अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव दीर्घकाळ घेतले गेले. ती जागा मुख्य भूमीवर नसून बेटावर असावी, असे पुढील संशोधकांचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास हा मान ३० जानेवारी १९३७ रोजी स्कलिन मोनोलिथ येथे उतरलेल्या इंग्रिड यांच्याकडे जातो. त्या सफरीत त्यांची कन्या आणि अन्य दोन स्त्रियाही होत्या. अंटार्क्टिकाजवळील समुद्रतळाच्या एका उथळ भागाला या चौघींच्या स्मरणार्थ ‘फोर लेडीज बँक’ म्हणतात.

राजकीय फलित : जर्मनीची ‘श्वाबेनलँड’ मोहीम मार्गस्थ असताना १४ जानेवारी १९३९ रोजी नॉर्वेने २०° पश्चिम ते ४५° पूर्व या दरम्यानच्या राणी मॉड भूमीवर हक्क जाहीर केला. त्याचा मुख्य आधार क्रिस्टेनसेन यांच्या मोहिमांचे काम हाच होता. ४५° च्या पूर्वेकडील, त्यांच्याच माणसांनी रेखाटलेले किनारे मात्र ऑस्ट्रेलियाच्या दाव्यात गेले. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने असे सर्व दावे जैसे थे ठेवले आहेत.

दुसरे महायुद्ध : या काळात क्रिस्टेनसेन अमेरिकेत होते आणि नॉर्वेच्या वॉशिंग्टन येथील वकिलातीत वित्तीय सल्लागार म्हणून काम पाहत.

देवमाशांची शिकार : १९३०–३१ या एकाच हंगामात अंटार्क्टिकाच्या समुद्रात २९,००० हून अधिक निळे देवमासे मारले गेले. तेलाचा पुरवठा इतका वाढला की भाव कोसळले आणि पुढील हंगामात नॉर्वेचा बहुतेक ताफा बंदरातच राहिला. क्रिस्टेनसेन यांच्या कंपन्या या धंद्याच्या अग्रभागी होत्या. मोहिमांचा पैसा याच तेलातून आला, हे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दृष्टीआड करता येत नाही. निळ्या देवमाशाला जागतिक संरक्षण मिळाले ते १९६० च्या दशकाच्या मध्यास. तोवर त्यांची संख्या मूळ संख्येच्या अत्यल्प अंशावर आली होती.

स्मारके व लेखन : सांडेफ्योर्ड येथील देवमासे-शिकार संग्रहालय क्रिस्टेनसेन यांनी वडिलांच्या नावे उभारून १९१७ मध्ये शहराला दिले. याच शहरातील, शिल्पकार क्नुट स्टेन यांनी घडवलेले देवमासे-शिकारीचे ब्राँझ स्मारक (१९६०) ही त्यांचीच देणगी. मोहिमांवरील त्यांच्या ‘सच इज द अंटार्क्टिक’ या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९३५ मध्ये निघाला.

भारताशी संबंध : भारताने २०१२ मध्ये कार्यान्वित केलेले ‘भारती’ केंद्र लार्समन टेकड्यांवर, इंग्रिड क्रिस्टेनसेन किनाऱ्यालगत आहे. ‘मैत्री’ (१९८९) हे केंद्र राणी मॉड भूमीतील शिर्माखर ओअॅसिसमध्ये आहे. तो भूभाग जर्मन मोहिमेने शोधला असला, तरी त्याच्या उत्तरेचा किनारा नॉर्वेच्या शिकारी जहाजांनी पाहिला होता. दोन्ही केंद्रांचे संचालन गोव्यातील वास्को द गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून होते.

मूल्यमापन : क्रिस्टेनसेन स्वतः शास्त्रज्ञ नव्हते. योग्य माणसे निवडणे, विमानाचा वापर वेळीच ओळखणे आणि धंद्याच्या फेऱ्यांना सर्वेक्षणाची जोड देणे, हे त्यांचे खरे कर्तृत्व. अंटार्क्टिकाच्या समुद्रातील देवमाशांच्या शिकारीचा तो धंदा आज नामशेष झाला आहे. त्याच्या आधाराने तयार झालेले नकाशे मात्र अंटार्क्टिकाच्या भूगोलात टिकून आहेत. न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.