मत घराला नाही, माणसाला

सरावली बोईसरला लागून आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीत राबणारी पुष्कळ कुटुंबे इथल्या चाळींत भाड्याने राहतात. मी विद्यार्थ्यांना विचारतो, मतदारयादीत नाव घातले काय? उत्तर ठरलेले : ‘सर, खोली आमची कुठाय?’ घरमालक तोच मतदार, हा समज नुसत्या अज्ञानाचा नव्हे. त्याला इतिहास आहे.

१९१९ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांसाठी जो मताधिकार दिला तो शेतसारा, घरभाडे, प्राप्तिकर अशा ऐपतीच्या मापाने. गावकुसाबाहेरच्या माणसाजवळ मोजायला होते काय? बाबासाहेबांनी त्याच वर्षी साउथबरो समितीपुढे हे मांडले, आणि १९२८ साली सायमन कमिशनकडे प्रौढ मताधिकारच मागितला. तरी १९३७ च्या निवडणुका पुन्हा ऐपत व शिक्षण पाहूनच झाल्या.

एक अवघड गोष्ट आपण लपवू नये. मे १९४५ मधील मुंबईच्या भाषणात बाबासाहेबांनी आदिवासींना आपल्या प्रतिनिधित्वाच्या योजनेबाहेर ठेवले. त्यांच्यात राजकीय जाण अजून आलेली नाही, हे कारण दिले. त्याच महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारली वेठबिगारीविरुद्ध जमले होते! संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदात मात्र असा भेद उरला नाही.

आज पालघर व बोईसर हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. उमेदवार आदिवासीच हवा. मत मात्र यादीतल्या सर्वांचे. म्हणूनच यादीबाहेर कोण राहिले हे पाहिले पाहिजे.

१९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा दोन गोष्टी मागतो : वय १८ (१९८९ पर्यंत २१) आणि त्या मतदारसंघात सामान्यतः रहिवास. कलम २० तर स्पष्ट म्हणते की, केवळ घराच्या मालकीवरून कोणी रहिवासी ठरत नाही. म्हणजे मालक विरारला राहत असेल तर इथल्या यादीत त्याचे नाव नको, भाडेकरूचे हवे. गावाकडे नाव असेल तर ते इकडे बदलून घ्यावे लागते. दोन ठिकाणी चालत नाही.

व्यवहारात अर्जासोबत पत्त्याचा पुरावा लागतो, आणि भाडेकरार करून द्यायला घरमालक कचरतो. उद्या हा खोलीवर हक्क सांगेल, ही धास्ती. बेघर माणसासाठी निवडणूक आयोगाचा नियम निराळा आहे. अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो तिथे झोपतो एवढे पाहायचे. कागद लागत नाही.