हवाग्रहण मार्ग, स्वबांधणीच्या विमानातील

एंजिनाला ज्वलनासाठी हवा पुरवणारा मार्ग. लायकॉमिंग ओ-360 या 5.9 लिटरच्या चार सिलिंडरी एंजिनाला मिनिटाला 2,700 फेऱ्यांच्या वेगात सुमारे 7,000 लिटर हवा लागते. मार्गाचे तोंड प्रोपेलरमागे, समोरून येणाऱ्या झोतात ठेवतात. समुद्रसपाटीवर ताशी 320 किमी. वेगाला त्यातून फार तर 48 हेक्टोपास्कल जादा दाब मिळतो. तीव्र वळणे आणि एकाएकी रुंदावणारी नळी हा लाभ सहज गिळतात. गाळणी मात्र वगळू नये. सर्वांत जपायचे ते बर्फापासून : इंधनाच्या बाष्पीभवनामुळे दमट हवेत, बाहेर 20° से. असतानाही, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचून एंजिन बंद पडू शकते. म्हणून एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातून गरम हवा घेणारी झडप हवीच. तिचा एखादा स्क्रू सुटला, तरी तो एंजिनात ओढला जाणार नाही अशी तिची जोडणी करावी.