पाणी वापर संस्था

धरणाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांची संस्था. ती पाटबंधारे खात्याकडून पाणी घनमापन पद्धतीने मोजून घेते, सभासदांत वाटते आणि पट्टी वसूल करते. ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, 2005’ने या संस्थांना स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. कायदा राज्यभर एकच आहे, पण त्याची फळे जागोजागी निराळी दिसतात.

नाशिक जिल्ह्यात कोळवण नदीवर दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या निफाड तालुक्यातील ओझरपर्यंत पाणी धड पोहोचत नव्हते. तिथे समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने 1990-91च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन संस्था उभ्या राहिल्या, म्हणजे कायद्याच्या बरीच वर्षे आधी. वाट्याचे काही पाणी त्यांनी नाल्या-बंधाऱ्यांत सोडले. विहिरींना पाणी आले आणि द्राक्षबागा तगल्या. बागाईतदाराला आवर्तनाची तारीख आधी कळणे फार मोलाचे असते. म्हणूनच त्याने पट्टी वेळेवर भरली. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आले.

धुळे-नाशिककडील पांझरा, मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीत पाणी वाटून घेण्याची शिस्त त्याहून जुनी आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली असते आणि एका फडात एकच पीक घेतात. पाणी शेतकरी स्वतः धरत नाही, गावाने नेमलेला पाटकरी बांधाबांधाने भरत जातो. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे क्षेत्र सगळ्यांचेच घटते.

जिथे असा पूर्वानुभव नव्हता, तिथे अनेक संस्था नोंदणीपुरत्या उरल्या. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला जुन्या व्यवस्थेतही पाणी मिळत होते, त्याला संस्थेची निकड वाटली नाही. संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व देण्याची कायद्यातील तरतूद फार शहाणपणाची आहे. मात्र चारी फुटलेली, दारे मोडलेली आणि मोजयंत्र बंद असेल, तर प्रतिनिधी वाटणार काय? कालवा संस्थेकडे हस्तांतरित करण्याआधी दुरुस्ती आणि संयुक्त पाहणी यासाठीच आवश्यक मानली जाते. ती न करता कालवा गळ्यात घालायचा आणि संस्था चालली नाही म्हणून शेतकऱ्याला बोल लावायचा, हा अन्याय आहे.